पांढऱ्या ट्रेलरचं डावीकडचं दार

"दार लावा म्हनते न्हवं."

"आवं बाई, आत मिट्ट काळोक हुईल."

"काळोकच पायजे मला. लावा तुमी. आन कुलपाला हात लावू नगा. कुलूप माज्या खिशात हाय."

ट्रेलर विकायला काढलेल्या गेलननं बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या बहिणीकडं, अर्लिसकडं बघितलं. अर्लिसनं खांदे उडवले. "लावा की वं," ती म्हणाली. "सकाळी पयल्या ट्रेलरातबी आसंच कोंडून घेतलं तिनं. मला आता सवय झालीया."

गेलननं मागचा रॅम्प उचलून लावला आणि खीळ घातली. आत व्हर्ला कुचेरा, वय अडुसष्ट, एका हातात काठी धरून छताकडं तोंड करून उभी राहिली. जुलैचं भर दुपारचं ऊन. बंद ट्रेलर अशा उन्हात उभा केला, की त्याच्या पत्र्याला टाचणीएवढं भोक असलं तरी आतनं चांदणीसारखं चमकतं. पाऊस पडायची वाट बघावी लागत नाही, आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडंही बघावं लागत नाही.

"घावलं का काय?" बाहेरनं गेलननं पत्र्यावर थाप मारली.

"थापा मारू नगा. धूळ पडतीया डोळ्यात."

एक चांदणी निघाली. पुढच्या अंगाला, हवेच्या झरोक्यापाशी. व्हर्लानं ती मनात ठेवली आणि तोंडानं काहीच बोलली नाही. सगळंच बोलून दाखवलं तर माणूस सावध होतो, आणि सावध माणूस पुढचं खोटं नीट बोलतो, असा तिचा हिशेब.

ब्रॅटन गावच्या टपालाच्या गाडीवर तिनं एकतीस वर्षं काढली. वस्त्या-वस्त्यांवरच्या पेट्यांत कागद टाकत फिरायचं, रोज ऐंशी मैल. पाकीट हातात घेतलं की आत काय आहे ते तिला वजनावरून कळायचं, आणि माणूस पेटीपाशी येऊन उभा राहिला, की तो कशाची वाट बघतोय तेही. एकतीस वर्षं दुसऱ्याची पाकिटं बंद ठेवून वाटायची म्हणजे माणसाच्या अंगात संशय मुरतोच. नवरा ॲरिझोनात 'कामाला' गेला तेव्हा त्याची पहिली दोन पत्रं आली, त्यांच्यावरचं अक्षर बघूनच तिनं ओळखलं की हा पत्र लिहितो ते टेबल दुसऱ्या बाईच्या घरातलं आहे. पत्रं न उघडता तिनं 'पत्ता बदलला' असा शिक्का मारून परत पाठवली. गेल्या हिवाळ्यात उजवा खुबा बदलायला दवाखान्यात गेली, तर आदल्या रात्री उजव्या मांडीवर पेनानं बाण काढून 'हा' असं लिहून गेली. न जाणो, डावाच कापायचे. डॉक्टर हसला. ती हसली नाही.

त्या खुब्यापायीच हा ट्रेलर.

आमच्याकडं मोटरसायकलवाल्यांचा एक दंडक आहे. दर ऑगस्टात ब्लॅक हिल्सच्या डोंगरात मोटरसायकलींची जत्रा भरते, आणि तिथं जायचं ते आपल्या दारातनं गाडीवर बसून, चारशे मैल गाडी हाणत. वारा खात, किडे गिळत. ट्रेलरवर घालून आणली तर ती गाडी नव्हे, सामान. ब्रॅटनच्या आणि आसपासच्या नऊ जणांचा जो जथा, आपापल्या वेळेनं निघून, तिथं जमतो, त्याचा म्होरक्या लायल होल्टॉर्फ. ह्या लायलनं त्याला जोड म्हणून एक शिक्षाही काढली होती. जो कुणी ट्रेलरवर गाडी आणील त्याच्या हँडलला गाईच्या गळ्यातली पितळी घंटा बांधायची, आणि आठवडाभर सोडायची नाही. डेल्मर म्हणून एक होता, पाठीच्या दुखण्यानं ट्रेलरवर आला. लायलनं स्वतःच्या हातानं घंटा बांधली. आठ दिवस दर खड्ड्याला ती वाजली, आणि दर वेळी सगळे मागं वळून "हंबर की रं!" म्हणून ओरडले. दुसऱ्या वर्षी डेल्मरनं गाडी विकून मासेमारीची होडी घेतली. त्या माणसाला मासे आवडतसुद्धा नव्हते.

खुबा बदलण्याआधीच व्हर्लानं दोनचाकी देऊन तीनचाकी मोटरसायकल घेतली होती. पुढं एक चाक, मागं दोन, थांबल्यावर पाय टेकवायला नकोत. तीनचाकीला कुणी नाव ठेवत नव्हतं. लायलनंही तीनचाकीच घेतली होती, त्याचे दोन्ही गुडघे लोखंडाचे. पण आता डॉक्टरनं व्हर्लाला सांगितलं, एका वेळी तासाभराहून जास्त खोगिरावर बसायचं नाही. डोंगरात तास-तासभर फिरता येईल. तिथवर चारशे मैल जाता येणार नाही.

म्हणजे एक तर जायचं नाही, नाहीतर लपवून न्यायची. वर्षातला तो एक आठवडा सोडला तर व्हर्लाकडं दुसरं काही नव्हतं; होतं ते मोटरसायकलींची खोगिरं शिवायचं एक शिवणयंत्र आणि एक बहीण. आणि डेल्मरसारखं हंबरायची तिची तयारी नव्हती. तेव्हा बंद ट्रेलर. चाळीस मैल अलीकडं कुठं तरी एखाद्या गोठ्यामागं उभा करायचा, आतनं गाडी काढायची, आणि घरनंच आल्यासारखं ऐटीत जायचं. म्हणून ती ब्रॅटनमध्ये न बघता साठ मैल लांब, दुसऱ्या जिल्ह्यात ट्रेलर बघत फिरत होती. फोनवर नावसुद्धा 'मिसेस पीटर्सन' सांगितलं होतं.

"मिसेस पीटर्सन!" गेलननं हाक मारली. "झालं का वं?"

अर्लिस हसू दाबत म्हणाली, "मिसेस पीटर्सनला ऐकू कमी येतं."

"उगडा," आतनं आवाज आला.

गेलननं रॅम्प खाली सोडला. व्हर्ला घामानं निथळत बाहेर आली आणि हातातली काठी तिनं दाराच्या चौकटीत आडवी धरली. ही काठी म्हणजे लाकडाची एक पातळ पट्टी. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या पत्र्यांची बाहेरून बाहेर जेवढी रुंदी, बरोबर तेवढी ती तिनं घरी कापून आणली होती. टेप लावला की विकणारा शेजारी येऊन वाकतो आणि आकडा आपल्या सोयीनं वाचतो. काठीत वाचायला काही नसतं. जाते तर जाते, नाहीतर अडते.

सकाळच्या पहिल्या ट्रेलरात काठी गेली होती, पण दोन्ही बाजूंना वीतभरसुद्धा जागा राहत नव्हती. तिथला पोरगेला विक्रेता म्हणाला, "बाई, आरामात जाईल गाडी आत." व्हर्ला म्हणाली, "गाडी जाईल, पर मी भाईर कशी येनार? तू मला आतच ठिवनार काय?" दुसऱ्या ट्रेलरच्या छताला रबराचा ताजा वास येत होता. ताजा लेप म्हणजे कालची गळती. ती पायरीवरनंच माघारी फिरली.

हा तिसरा रुंद होता. काठीच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर जागा. दोन आसांचा, चार चाकांचा, म्हणजे एखादा टायर वाटेत फुटला तरी ट्रेलर पालथा व्हायचा नाही. रॅम्पही लांब होता. लांब रॅम्पला चढ कमी लागतो. तीनचाकीचं पोट जमिनीलगत असतं, आखूड रॅम्पवर ते कडेला घासतं आणि मग मागं ना पुढं.

"कशासाटी वापरत हुता तुमी ह्यो?" तिनं विचारलं.

"चर्चच्या खुर्च्या," गेलन पटकन म्हणाला. जरा जास्तच पटकन.

"खुर्च्या."

"व्हय. आन टेबलं. लग्नाकार्याला."

"कागद दावा ट्रेलरचा."

"कागद… ब्यांकेत हाय. उद्या आनतो."

व्हर्लानं मान हलवली. ट्रेलर विकायला काढलेला माणूस आणि कागद बँकेत. तिची नजर अंगण फिरून आली. ओसरीच्या पायरीवर कॉफीचे दोन पेले होते, एकातनं अजून वाफ निघत होती.

"घरी कोन असतं?"

"मी यकटाच. बायकू वारून चार वर्सं झाली."

गेलनचा कुत्रा स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराशी बसला होता आणि आत बघून शेपूट हलवत होता. रिकाम्या घराकडं बघून कुत्रा शेपूट हलवत नाही.

"अर्लिस," व्हर्ला म्हणाली, "गाडीतली खुर्ची आन."

अर्लिसनं पिकअपच्या मागनं स्वयंपाकघरातली जुनी लाकडी खुर्ची काढली. "आता ह्येच्यात बसून बगनार," तिनं गेलनला सांगितलं. "सकाळी त्या पोरग्यानं इचारलं, आजी दमल्या का. आसं बगितलं हिनं त्येच्याकडं, त्यो पानी प्यायला निगून ग्येला."

व्हर्ला रॅम्पवरनं लंगडत वर गेली. आधी तिनं खिशातनं आरी काढली, चामडं शिवायची, आणि फळ्यांच्या सांध्या-सांध्यांत टोचत सुटली. गेलनच्या तोंडावर प्रत्येक टोच्याला एक सुरकुती वाढत गेली. रॅम्पजवळच्या फळीत आरी कडक थांबली. बाकी सगळ्या जुन्या, ही एकच नवी.

"ही बदललीय."

"हां, ती… जरा कुजली हुती."

"खुर्च्यांच्या वज्यानं?"

गेलननं टोपी काढून पुन्हा घातली.

मग तिनं दोन्ही आसांची जागा पावलांनी मोजली. तीनचाकीचं सगळं वजन मागच्या दोन चाकांवर. ती चाकं ट्रेलरच्या आसांच्या मागं गेली, तर ट्रेलरचं पुढचं टोक हलकं होतं आणि रस्त्यावर शेपटासारखं हलायला लागतं. म्हणून मागची चाकं आसांच्या जरा पुढंच यायला हवीत. त्या हिशेबानं गाडी उभी केली तर बसायचं खोगीर कुठं येईल, तिथं तिनं खुर्ची मांडली आणि पुढं तोंड करून बसली. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढं.

"काय दिसतीया," अर्लिस म्हणाली. "निगाली बगा ब्लॅक हिल्सला."

"गप बस."

बंद ट्रेलरात गाडी घालायची सगळी मेख इथं असते. आत गाडी जाते, पण माणूस गाडीवरनं उतरून जाणार कुठं? सगळ्या ट्रेलरांना माणसाचं एक दार असतं, पण ते उजव्या अंगाला आणि पार पुढं. गाडीवरनं उतरायचं ते डावीकडं. दुसऱ्या बाजूला पाय टाकून, वाकून, भिंतीला घासत पुढं सरकायचं हे चांगल्या खुब्याला जमतं. लोखंडी खुब्याला नाही. व्हर्लानं उतरायचं म्हणून डावा हात भिंतीला टेकला.

हात भिंतीवर पडलाच नाही. एका कडीवर पडला.

तिनं वळून बघितलं. भिंतीत डावीकडं एक दार होतं. कारखान्याचं नव्हे, हातानं कापलेलं. बुटकं, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत, बरोबर खोगिराशेजारी. बाहेरनं पांढरा रंग फासल्यामुळं ते दिसलंच नव्हतं. कडी हिरवी होती, एखाद्या जुन्या मळणीयंत्राच्या केबिनची असते तशी.

व्हर्ला खुर्चीतच बसून राहिली. कडी दाबली, दार उघडलं, डावा पाय बाहेर टाकला आणि ती सरळ ट्रेलरच्या चाकावरच्या पत्र्यावर उतरली. एकदाही वाकली नाही. खुबा दुखला नाही.

आता तिनं आत मान घालून जमीन बघितली. पट्टे बांधायच्या लोखंडी कड्या तीन जागी होत्या. पुढं मधोमध एक जोडी. मागं डावीकडं आणि उजवीकडं, लांब लांब, एकेक. तीन चाकांच्या तीन जागा.

"खुर्च्या," ती म्हणाली.

"आं?"

"तुमच्या चर्चच्या खुर्च्यांना तीन पाय असत्यात का वं?"

गेलननं मान खाजवली. "अगोदरच्या मालकानं केलं आसल त्ये."

"कुटला मालक? चोरीचा तर न्हाई न्हवं? कागद न्हाई, कुनाचा सांगत न्हाई. आँ? अर्लिस, ह्येचा नंबर लिहून घे. शेरीफाला फोन लाव."

"आवं, चोरीचा कसला! काय बोलताय!" गेलन खरोखर भ्यायला. "माज्या भनीचा… म्हंजी आमच्या घरातलाच हाय."

व्हर्ला ऐकत नव्हती. दाराच्या बिजागरीपाशी वाकून ती बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत चालला. बिजागरी ट्रेलरला वेल्डिंगचा डाग मारून जोडली होती. तो डाग. लोखंड वितळून ओघळलेलं, गोळ्यावर गोळा, म्हैस चालता चालता शेण टाकते तसा. डाग मारणारे शेकडो असतात, पण असा घाणेरडा डाग मारणारा आमच्या सगळ्या जिल्ह्यात एकच. एकतीस वर्षं रोज सकाळी साडेदहाला तिनं अशाच डागाची टपालपेटी उघडली होती. पेटीचं झाकण कधी नीट बसलं नाही. दोनदा तिचं नख निघालं होतं. त्या वाड्याच्या फाटकालाही हेच डाग, कोंबड्यांच्या खुराड्यालाही. तिथं जुनी मळणीयंत्रं फोडून सुटे भाग विकायचे, आणि दिसेल त्या दाराला हिरव्या कड्या बसवायचे.

ती सरळ उभी राहिली. गेलनकडं बघितलं, मग वाफेच्या पेल्याकडं, मग कुत्र्याकडं.

"तुमच्या भनीचं नाव जोनेल का वं?"

गेलनची नजर आपोआप घराकडं वळली.

व्हर्ला घराकडं तोंड करून ओरडली, "लायल! ये भाईर! कॉफी निवतीया तुजी!"

आधी स्वयंपाकघराचा पडदा हलला. कुत्रा उठून उभा राहिला. जाळीचं दार करकरलं आणि लायल होल्टॉर्फ, सहा फूट दोन इंच, जथ्याचा म्होरक्या, मोज्यांवर, बूट हातात घेऊन ओसरीवर आला.

अर्लिसला हसू आवरेना. ती पिकअपच्या बोनेटला धरून वाकली.

"तू हितं काय करतीयास?" लायल म्हणाला.

"ट्रेलर बगाय आले. तू?"

"मी… मेव्हन्याला भेटाय. जोनेलचा भाऊ हाय त्यो."

"बूट काडून?"

लायल पायरीवर बसला आणि बूट चढवायला लागला. वाकताना त्याचे लोखंडी गुडघे कटकट वाजले. "नाव पीटर्सन सांगितलंस म्हनं."

"आन तू खुर्च्या सांगितल्यास."

"मी न्हाई, गेलननं."

"मला मदे घ्यू नगा," गेलन म्हणाला आणि उगीचच पाण्याची नळी गुंडाळायला गेला.

व्हर्ला लंगडत ओसरीपर्यंत आली. "किती वर्सं?"

"काय किती?"

"लायल."

"सा," तो पुटपुटला. "गुडघं बदलल्यापासनं सा. त्येच्या आदी खरंच चालवत ग्येलोय, आयशप्पत."

"तरीच. दरसाल दिस मावळताना पोचतोस, चारशे मैल किड्यांतनं, आन काचंवर तीन किडं. माज्या काचंवर नखानं खरवडाय लागायचं. मी म्हनायची, ह्येला किडंबी भित्यात का काय."

"दोन-तीन तरी लावायचो मी," लायल म्हणाला. "पंपावर दुसऱ्यांच्या काचंवरचं काडून."

ह्यावर अर्लिस पोट धरून रस्त्याच्या कडेला जाऊन बसली.

"डेल्मरला घंटा बांदलीस तवा?"

लायलनं बुटाची नाडी दोनदा बांधली. "तवा ह्यो पांढराच हुता. वीस मैल मागं, एका गोठ्यात."

व्हर्लानं पांढऱ्या ट्रेलरकडं वळून बघितलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिनं डेल्मरच्या होडीचा विचार केला, मग आपल्या खुब्याचा. मग तिनं पुन्हा संशयानंच विचारलं, "मंग इकतोस का? चांगला ट्रेलर कुनी इकत न्हाई."

"गेल्या साली पंपावर एकजन म्हनाला, ह्यो पांढरा दरसाल दिसतो हितं. मी म्हनलं, झालं. आता काळा घेतलाय." त्यानं कोठाराच्या मागं बोट दाखवलं. काळ्या पत्र्याचा एक कोपरा दिसत होता.

"खरं सांगतोस?"

"खोटं सांगून आता काय मिळनार मला?"

हेच तिला हवं होतं. एकतीस वर्षांत आणि त्या आधीच्या सदतीस वर्षांत व्हर्लानं वस्तू विकणाऱ्या माणसाचा शब्द कधी धरला नव्हता, कारण त्याला खरं बोलायचं काही कारण नसतं. आज पहिल्यांदा तिच्यासमोर असा विकणारा बसला होता, ज्याला खोटं बोलायची सोय नव्हती.

ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. "आता ह्येच्यातली खोट सांग. समदी. एक जरी मला पुडं घावली, तर डेल्मरला फोन लावीन."

लायलनं मान खाली घातली आणि सांगायला सुरुवात केली. झरोक्यापाशी छत गळतं. त्यावर चंदेरी पट्टी मारून वर रंग दिलाय. ते तिनं चांदणीवरनं धरलंच होतं. रॅम्पजवळची फळी नवी आहे, शेजारची दोन वर्षांत जाईल. तेही आरीला कळलं होतं.

"आन?"

"बास."

"लायल."

तो घुटमळला. "मागल्या आसाचं उजवं चाक. त्येची बेरिंग तापती. चाळीस-पन्नास मैलांवर हात लावला तर चटका बसतो. मी दर पन्नास मैलांवर थांबून पानी मारायचो."

हे व्हर्लाला सापडलं नसतं. चालताना तापणारं चाक उभ्या ट्रेलरच्या अंधारात दिसत नाही, काठीला कळत नाही, आरीला टोचत नाही. ती एकदम दीडशे मैल तशीच गेली असती. मोठ्या रस्त्यावर, पंचाहत्तरच्या वेगानं, मागं गाडी घालून. अशा बेरिंगनं चाक निखळून गेलेले दोन ट्रेलर तिनं टपालाच्या वाटेवर खड्ड्यात पडलेले बघितले होते. एक तर जळालेला.

"ह्ये मला सांगनार हुतास का? मिसेस पीटर्सनला?"

"गेलनला म्हनलं हुतं, इचारलं तर सांग."

"कोन इचारतंय!"

"न्हाईच इचारत कुनी," लायल कबूल झाला.

तोवर गेलनची नळी गुंडाळून झाली होती. त्यानं ती सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली.

"घेतीस?" लायलनं विचारलं.

"बेरिंग दोन्ही बाजूंच्या बदलून दे. तू न्हाई, तुजा हात न्हाई लागला पायजे. गावातल्या माणसाकडनं, आन पावती माज्या हातात. कागद जोनेलच्या सहीनिशी आजच. मग घेते."

"बरं." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्यो गोटा सांगतो तुला. वीस मैल अलीकडं. गोट्याचा म्हातारा मालक बोलत न्हाई कुनाला. काळा आन पांढरा, दोनी राहत्याल तितं. दोगं संगं निगू, तास-तासाच्या फरकानं पोचू."

व्हर्लानं त्याच्याकडं बघितलं. तीन आठवडे ती अशाच गोठ्याच्या शोधात होती. गोठा आयता आला होता, आणि त्याच्याबरोबर लायलही. दरसाल तो सांगणार कधी निघायचं, कुठं थांबायचं, आणि ती त्याच्या शब्दावर आणि त्या म्हाताऱ्याच्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवणार. ह्या माणसानं सहा वर्षं पंपावरचे किडे काचेला चिकटवले.

आणि मग तिच्या ध्यानात आलं, की ती लपवत होती ती कुणापासून? जथ्यातली बाकीची माणसं डेल्मरला हसली ती लायल हसला म्हणून. घंटा बांधणारा हात एकच.

"न्हाई," ती म्हणाली. "मी पार जत्रंतल्या तळापातूर वढत नेनार. समद्यांच्या म्होरं रॅम्प सोडनार, त्या डाव्या दारातनं उतरनार."

लायलचा चेहरा उतरला. "मग लोक घंटा मागतील की."

"मागू देत. बांदतं कोन?"

लायलनं बुटाच्या टोकानं माती उकरली.

"यंदा तुला घंटा घावनार न्हाई, लायल. कुटं तरी इसरून आलास तू."

"आन माजं? तू बोललीस तर? त्यो पांढरा कुनी वळखला तर?"

"तुजा काळा कुटं लपवायचा ती तुजी डोकेदुकी. मला त्यातलं काय सांगू नगंस."

"पर तू सांगनार न्हाईस ह्ये कशावरनं?"

"कशावरनंच न्हाई," व्हर्ला उठत म्हणाली. "बस इचार करत."

अर्लिस एव्हाना डोळे पुसत परत आली होती. तिनं खुर्ची उचलून पिकअपमध्ये टाकली. "लायल," ती जाता जाता म्हणाली, "थापा बऱ्या मारतोस तू, पर डाग सुदरव."

दुपारी चार वाजता जोनेलची सही झालेला कागद व्हर्लाच्या हातात होता. तो तिनं दोनदा वाचला, नंबर ट्रेलरच्या पत्र्यावरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघितला, आणि तिसऱ्यांदा अर्लिसकडनं मोठ्यानं वाचून घेतला. गावातल्या गॅरेजवाल्यानं बेरिंगी बदलल्या तेव्हा ती त्याच्या डोक्यावर उभी होती. जुन्या बेरिंगी तिनं फडक्यात बांधून घेतल्या. "ह्या कशाला, बाई?" त्यानं विचारलं. "खरंच बदलल्यास ह्ये बगाय," ती म्हणाली. उजवीची तापून निळी पडली होती.

परतीच्या साठ मैलांत ती तीनदा थांबली, आणि तीनही वेळा मागच्या उजव्या चाकाला हात लावून बघितला. गार. तिसऱ्या वेळी तिनं बाकीच्या तिन्ही चाकांनाही लावला.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून गॅरेजच्या दारात होतं. आत शिवणयंत्राच्या टेबलावर एका मोटरसायकलचं फाटलेलं खोगीर उलटं पडलेलं होतं. गावातल्या मॅरॉन हेस याचं. उद्या दुपारी न्यायला येणार. रेक्झिनचा तुकडा त्यानं स्वतः आणून दिला होता, म्हणाला होता, "पयल्या दर्जाचा हाय." व्हर्लानं चष्मा लावला, तुकडा उजेडाकडं धरला, कडेला नखानं ओरखडा काढला. वरचा थर पापडासारखा उचकटला.

"पयला दर्जा," ती पुटपुटली.

तो तुकडा तिनं बाजूला ठेवला, फळीवरचा आपला ओढला, खडूनं खुणा केल्या आणि कात्री घातली. खुब्याखाली उशी सारली, सुईत दोरा ओवला, ओढून बघितला, तुटतो का. नाही तुटला. मग पाय पायडलवर ठेवून तिनं मशीन सुरू केलं.